पहिलं ताट कोणाचं?

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटून घेऊही नका. ही गोष्ट मी आमच्या म्हशीला सांगितली, तर तिनं रवंथ थांबवून माझ्याकडं असं पाहिलं, की मलाच मान खाली घालावी लागली. पण घडलं ते घडलं. गुडीहत्नूरच्या फाट्यावर घडलं, टळटळीत दिवसा घडलं, आणि अर्धा आदिलाबाद जिल्हा त्याला साक्षी आहे. उरलेल्या अर्ध्याला विचारून उपयोग नाही, कारण ते लोक तेव्हा पाठमोरे उभे होते.

एवढं बोलून मी चहाचा घोट घेतला. आमच्या ओसरीवर त्या संध्याकाळी दोघं बसली होती. एक रविकांत, ॲटो चालवतो. दुसरी पूनम, शेजारच्या घरातली, शाळेत शिकवते. माझी बायको बयनाबाई दाराच्या आत सुपात तूर पाखडत बसली होती.

"काका," रविकांत म्हणाला, "मागच्या खेपेले तुमी वाघाले बसचं तिकीट फाडलं होतं."

"अर्धं तिकीट," मी म्हणालो. "पुरं नाही. वाघ लहान होता."

नवीन माणसासाठी सांगून ठेवतो. माझं नाव उद्धवराव. आर्टीसीच्या बसवर कंडक्टर होतो. आदिलाबाद-नार्नूर गाडीवर माणसं, कोंबड्या, सायकली, शेळ्या, एकदा तर अख्खं पिठाच्या गिरणीचं जातं, सगळं मी लाईनीत लावून चढवलेलं आहे. लाईन म्हणजे काय हे मला कोणी शिकवू नये. पण त्या दिवशी जी लाईन मी पाहिली, तशी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती.

आमच्या मंडळीत एक सोनाबाई आहे. मंडळी म्हणजे चर्चची मंडळी. पलटण मोठी नाही. तेलुगू गाणारे थोडे, मराठी गाणारे थोडे, आणि दोन्हीत बेसूर गाणारा मी. सोनाबाई एका हॉस्टेलात स्वयंपाकाला होती. तिच्या हाताची ज्वारीची भाकर खाऊन पोरं परीक्षेला जायची आणि पास व्हायची. नापास झालेल्यांनी ती खाल्ली नव्हती, असं मी तपास करून सांगतो. मग ते हॉस्टेल बंद झालं. नवरा आधीच देवाघरी गेलेला. तिचा भाचा पंकज निजामाबादला नोकरीला असतो, पोरगा सोन्यासारखा. तो म्हणाला, "आत्या, माह्याकडं ये. बसून खा."

सोनाबाई म्हणाली, "बसून खाल्लं तर बसल्या जागी मरीन रे. मले उभं राहून वाढू दे."

तिनं फाट्यावर एक पत्र्याचं शेड भाड्यानं घेतलं, शेणानं सारवलं, दोन बाकडी टाकली, वर बोर्ड लावला: कृपा खानावळ. एका बाजूनं मराठीत, एका बाजूनं तेलुगूत. मधे पेंटरनं भाकर काढली होती. ती त्यानं अशी काढली, की एक लॉरीवाला टायर घेऊन उतरला आणि पंक्चर कुठं काढता म्हणून विचारू लागला.

पंकजला काही हे पटलं नव्हतं. शेवटी आत्याभाच्याचं ठरलं. उघडण्याच्या दिवशी भाकरीची टोपली रिकामी झाली तर सोनाबाई इथंच राहणार. टोपलीत भाकर उरली तर ती संध्याकाळच्या निजामाबाद गाडीत बसणार, आणि पुन्हा खानावळीचं नाव काढणार नाही. पंकज रजा टाकून आला. आत्याची पत्र्याची पेटी भरून ठेवली, आणि तिच्यावरच बसून राहिला.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते रविवारी, उपासनेत.

आमच्याकडं प्रवचनाच्या आधी आभार मानायला उभं राहतात. ज्याच्यावर देवानं काही उपकार केला असेल तो सांगतो. कोणाचं पोर तापातून उठलेलं असतं, कोणाची बोअर लागलेली असते. मी एकदा उभा राहिलो होतो, तेव्हापासून पास्टर माझ्याकडं बघून आधीच गाणं सुरू करतात. त्या रविवारी सोनाबाई उभी राहिली.

"हॉस्टेल बंद झालं तवा मी लय रडली," ती म्हणाली. "मंग ध्यानात आलं, नोकरी गेली पन हात तर माह्यापाशीच राह्यले. देवानं ते वापस नाई मांगले. म्हनून मी त्याचे आभार मानतो. गुरुवारी खानावळ उघडून राह्यली. जो पह्यला येऊन बसंल त्याले प्रभूच्या नावानं पोटभर जेवन, एक पैसा घेनार नाई. पह्यलं ताट देवाचं. त्याच्या मागून येतील त्याइनं पैसे द्यावे."

सगळी मंडळी म्हणाली, "आमेन!"

सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले ते अमृतराव. अमृतराव मंडळीचे पंच. कानात अत्तराचा फाया, मनगटावर घड्याळ, आणि कोणाच्या घरी पाणी प्यायले तरी त्या घरच्या पोराच्या हातावर गोळी-बिस्कीट ठेवल्याशिवाय उठणार नाहीत. पुढं काय होणार हे त्या आमेनमध्येच कोणाला तरी ऐकू यायला पाहिजे होतं. नाही आलं.

गुरुवारी सकाळी मंडळी दोन ॲटोंत आणि एका टेम्पोत भरून फाट्यावर आली. आमची बयनाबाई तेवढी घरी होती, एक म्हैस विणार होती. पास्टर देवदानम पांढरा शर्ट घालून आले. आम्ही त्यांना अय्यगारू म्हणतो. वरंगलकडचा माणूस, बायबल मराठीत वाचतो आणि रागावतो तेलुगूत. त्यांनी आभाराची प्रार्थना सुरू केली. चुलीसाठी आभार, तव्यासाठी आभार, ज्वारीसाठी, ज्वारी पेरणाऱ्यासाठी, पेरणाऱ्याच्या बैलासाठी. प्रार्थना इतकी चालली, की चहासाठी तापवलेलं दूध आमेन होईपर्यंत विरजून दही झालं होतं.

"काका!" पूनम म्हणाली.

"घट्ट दही," मी म्हणालो. "सुरीनं कापलं."

आमेन झालं. सोनाबाईनं पहिलं ताट वाढलं. टम्म फुगलेली भाकर, अंबाडीची भाजी, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. वास असा सुटला, की बोर्डवरची भाकरसुद्धा फुगली. सोनाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "या. बसा कोनीतरी."

कोणी बसेना.

"अय्यगारू, बसा तुमी," अमृतराव म्हणाले.

"मी?" पास्टर दचकले. "नको, नको. ताट दिसलं की पास्टर पहिला, असं लोक आधीच म्हणून राह्यले. अमृतराव, तुमी वडील माणूस. तुमी बसा."

"मी? बाप्पा! एकट्या बाईचं नवं दुकान, अन् मी बोहनीच्या आधी फुकट जेवू? लोक थुकतील ना माह्यावर. सुधाकरराव, तुमी बसा."

सुधाकरराव मंडळीतले नाहीत. ते शेजारचे भाजीवाले, आदिलाबादजवळ मावल्याला त्यांचा मळा आहे. सोनाबाईच्या खानावळीला वांगी तेच देणार होते, म्हणून कौतुकानं आले होते. ते दोन पावलं मागं सरकले.

"मले नका सांगू भाऊ. आमच्या धंद्यात बोहनीच्या पह्यल्या गिऱ्हाइकानं उधार मांगलं तरी आमी दिवसभर त्याचं तोंड पाहात नाई. फुकट बोहनी केली, अन् उद्या तिचं दुकान बसलं, तर जिंदगीभर म्हनतील, सुधाकररावचा हात लागला होता."

हे ऐकल्यावर तर सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळालं. फुकट खाण्याची लाज एकीकडं आणि बोहनी बिघडवण्याची भीती दुसरीकडं. दुसरा व्हायला सगळे तयार होते, हातात पैसे काढून उभे होते. पहिला व्हायला कोणी तयार नव्हतं.

"मंग पह्यल्यानं गुपचूप पैसे द्यायचे ना," रविकांत म्हणाला.

"दिले! सुरेंद्र टेम्पोवाल्यानं ताटाखाली नोट सरकवली. सोनाबाईनं ती अशी फेकली, की नोट हायवे ओलांडून पलीकडच्या कापसाच्या शेतात गेली. देवाला बोललेला शब्द तो. ती म्हणाली, पहिल्याकडनं पैसा घेईन तर हात जळतील माझे."

तेव्हा मी पुढं झालो. मी म्हटलं, हे गर्दीचं काम नाही, लाईनीचं आहे. लाईन लागली की पहिला आपोआप ठरतो. मी हात वर केला, "चला, एकेक! धक्काबुक्की नाही!" अशी आरोळी दिली, आणि सवयीनं सगळ्यांची लाईन लागली. सगळ्यांत पुढं आले सुधाकरराव.

सुधाकररावांनी समोर पाहिलं. समोर कोणी नव्हतं, ताट होतं. त्यांना एकदम आठवलं, की मोटरसायकलची किल्ली गाडीलाच राहिली. ते गेले, किल्ली काढली, आणि परत येऊन सभ्य माणसासारखे लाईनीच्या शेवटी उभे राहिले. आता पुढं आला सुरेंद्र. त्याला फोन आला. फोन वाजला नव्हता, पण आला. तो बोलत बोलत मागं गेला. त्याच्या मागच्या बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. बाईंच्या मागचे अमृतराव म्हणाले, "उन्हात म्हातारी मानसं उभी हायत, त्याइले आधी जाऊ द्या," आणि म्हाताऱ्यांना पुढं करून स्वतः मागं गेले. म्हातारे अमृतरावांपेक्षा हुशार निघाले. ते त्यांच्याही मागं गेले.

बरं का, आता नीट ऐका. पुढचा माणूस सुटून मागं जातो. लाईन तेवढीच राहते, पण एक माणूस मागं सरकते. मग दुसरा जातो, मग तिसरा. मी उभ्या आयुष्यात पुढं सरकणाऱ्या लाईनी पाहिल्या. ही लाईन मागं मागं चालायला लागली. हळूहळू तिचं तोंड खानावळीपासून सुटलं, आणि ती हायवेच्या कडेकडेनं आदिलाबादच्या दिशेनं निघाली, आणि तिच्यासोबत मीही.

"लाईन निघाली?" पूनमनं विचारलं.

"पायी."

तेवढ्यात एक सरदारजी ट्रक थांबवून उतरले. "क्या बँट रहा है भाई?"

"खाना, सरदारजी. पहले आदमी को मुफ़्त."

"मुफ़्त?" त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. "ओ जी, हम खिलानेवाले लोग हैं, लंगरवाले. पहले कोई और बैठे, फिर मैं पैसे देके खाऊँगा." आणि ते लाईनीत लागले. ट्रक एकटा कसा सोडणार, म्हणून ट्रकसकट लागले. पुढचा सुटला की ट्रक एक माणूसभर मागं घ्यायचे आणि हॉर्न द्यायचे.

मग नार्नूरकडून वऱ्हाड आलं. नवरदेव, नवरी, बँडबाजा, दोन्हीकडचे सोयरे. भुकेले तर सगळेच होते. मुलीचा बाप म्हणाला, पहिला मान नवरदेवाचा. नवरदेवाचा बाप म्हणाला, "वा! म्हंजे उद्या गावभर सांगायले, का जावई लग्नाच्या दिवशी फुकट जेवला? पह्यला मान तुमचा." तिथं दोन्ही बाजूंची जुंपणार होती, पण भांडायलासुद्धा कोणी पुढं होईना, म्हणून भांडण झालं नाही. वऱ्हाड लाईनीत लागलं, बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली, आणि लाईनीला चांगला वेग आला. ठेक्यावर मागं चालायला सोपं जातं, ते मला तेव्हा कळलं.

दुपारपर्यंत लाईन मावल्याला पोचली. मावल्याच्या लोकांनी लाईन पाहिली आणि काही न विचारता थैल्या घेऊन उभे राहिले. आपल्याकडं लाईन दिसली की आधी लागायचं असतं, कशाची ते मागून विचारायचं. विचारल्यावर कळलं, की पहिल्याला फुकट. तसे थैलीसकट सगळे शेपटाकडं पळाले. शेपूट आदिलाबादच्या बाजारातून गेलं, स्टेशनावरून गेलं. सांगणारे सांगतात, की शेवटची दहापाच माणसं पैनगंगेच्या पुलावर होती. एक पाय तेलंगणात, एक पाय महाराष्ट्रात. पलीकडच्या गावचा एक जण म्हणाला म्हणे, आमच्या हद्दीत आली, आता लाईन आमची.

"माह्या ॲटोत रोज तिकडले पॅसेंजर असतात," रविकांत म्हणाला. "एकानं तरी सांगितलं असतं."

"ते लाजतात. आपण मागं पळालो हे कोण सांगंल?"

मी म्हटलं, पुढं ऐका, कारण आता हसण्यासारखं नाही.

फाट्यावर राहिले दोघंच. सोनाबाई आणि पेटीवर बसलेला पंकज. टोपली वरपर्यंत भरलेली. पहिलं ताट झाकून ठेवलेलं. दर थोड्या वेळानं ती त्यातली भाकर काढायची आणि दुसरी गरम ठेवायची. ऊन कलायला लागलं. पंकज काही वाईट बोलला नाही. तो म्हणाला, "आत्या, तुह्या हातात काई कमी नाई. पन लोक येऊनच नाई राह्यले. गाडीची वेळ झाली."

सोनाबाई चुलीपुढं बसली आणि डोळे मिटले. मी हे पाहायला तिथं नव्हतो, पण पंकजनं मागून सांगितलं आणि हे मी वाढवून सांगत नाही. ती म्हणाली, "देवा, तुह्यापाशी मी काई मांगत नाई. तू देल्लं ते लय हाय. फक्त घेनारा एक जन धाड."

तिकडं मावल्यात अय्यगारूंना लाईनीत चालता चालता काहीतरी सुचलं. ते सरदारजींच्या ट्रकच्या बॉनेटवर चढले.

"थांबा!" ते ओरडले. बँड थांबला. लाईन थांबली. "मी किती वर्षं तुमाला सांगून राह्यलो, देवाची कृपा फुकट आहे, तिला किंमत नाही, हात पुढं करा अन् घ्या. तुमी दर रविवारी आमेन म्हणता. अन् आज एका बाईनं आभार मानून एक भाकर पुढं केली, तर घ्यायला एक माणूस तयार नाही! देणारे सगळेच! घ्यायला लागतो तो मोठेपणा कोणापाशी नाही? तुमच्यापाशी नाही, माझ्यापाशी पण नाही! तिच्या बोर्डवर काय लिहिलंय ते कोणी वाचलं का?" आणि मग ते तेलुगूत रागावले, बराच वेळ.

सगळी माणसं आपापल्या चपलांकडं पाहू लागली. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. नवरदेवाच्या मुंडावळ्या ओल्या झाल्या. सरदारजी म्हणाले, "सच बात है, पादरीजी." अमृतराव तर गदगदून गेले. त्यांनी पुढं येऊन पास्टरांचे दोन्ही हात धरले.

"अय्यगारू," ते म्हणाले, "डोळे उघडले तुमी माहे. पुरे उघडले. आता चला, तुमी पुढं व्हा अन् बसा ताटावर."

"नाही नाही," पास्टर म्हणाले, "आधी तुमी."

आणि लाईन पुन्हा चालायला लागली. मागं.

तेव्हा माझ्यातला कंडक्टर जागा झाला. मी स्वतःशी म्हटलं, उद्धवराव, गाडी सुटायची वेळ झाली आणि बेल मारणारा कोणी नाही. माझी पण इज्जत आहे, मला पण लोक नावं ठेवतील. पण त्या बाईची चूल पेटती राहणं माझ्या इज्जतीपेक्षा मोठं आहे. मी सरदारजींच्या ट्रकच्या पायरीवर उडी मारली आणि टपावर दोन थापा दिल्या. "होल्डान! जाऊ द्या गुडीहत्नूर!"

सरदारजींना ट्रक वळवायला जागा नव्हती. मागून लाईन, पुढून लाईन. त्यांनी मावल्यापासून गुडीहत्नूरपर्यंत अख्खा ट्रक रिव्हर्समध्ये आणला.

"मावल्यातून मागं गेले तर आदिलाबाद येते ना काका," रविकांत म्हणाला. "लाईनच तिकडं मागं जाऊन राह्यली होती."

"लाईन मागं जात होती, ट्रकचं तोंड आदिलाबादकडं होतं. मागचं माणसांचं वेगळं, ट्रकचं वेगळं. तू ॲटोवाला आहे, तुला मोठ्या गाडीतलं कळत नाही."

पोचलो तेव्हा निजामाबादची गाडी वळणावर दिसत होती. पंकजनं पेटी खांद्यावर घेतलेली. सोनाबाईनं तवा उतरवलेला, आणि चुलीवर पाणी मारायला हातात तांब्या. मी धावत गेलो, बाकड्यावर बसलो आणि मांडीवर थाप मारली.

"वाढ बाई. मी बसलो पहिला."

ती माझ्याकडं पाहतच राहिली. "उद्धवभाऊ, तुमी?"

"मी. फुकट खातो. बोहनी बिघडली तर माह्या डोक्यावर. लोक हसले तर मलेच हसतील, त्याची मले सवय हाय."

तिच्या हातातला तांब्या खाली आला. तिनं झाकलेलं ताट उघडलं, माझ्यापुढं ठेवलं, हात जोडले आणि म्हणाली, "प्रभू, हा आला." बस, एवढीच प्रार्थना. दूध विरजायला वेळच मिळाला नाही. मग तिनं तवा पुन्हा चढवला आणि तिचा हुंदका भाकर थापण्याच्या आवाजात गेला.

मी पहिला घास घेतला. फुकटचा घास गिळायला किती जड असतो ते तुम्हाला नाही कळणार. लाजेनं तो खाली जात नव्हता. मग मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, तुझे आभार, हे माझं नाही, मी काही दिलं नाही, तू दिलंस. आणि घास गेला. त्यानंतरचे घास आपापले गेले.

माझ्या घशाचा आवाज मावल्यापर्यंत गेला असावा. कारण तिकडून एकच गलका उठला, "पहिला बसला! पहिला बसला!" आणि ती अख्खी लाईन वळली. आता सगळ्यांना दुसरं व्हायचं होतं. जी माणसं दिवसभर तुमी आधी, तुमी आधी म्हणत होती, ती एकमेकांचे शर्ट धरून मागं ओढत होती. अमृतरावांनी धोतराचा काचा मारला आणि नवरदेवाला मागं टाकलं. पास्टर सुधाकररावांच्या मोटरसायकलवर मागं बसून आले आणि गाडी थांबायच्या आधीच उतरले. लाईन अशा वेगानं आली, की तिच्या वाऱ्यानं रस्त्याच्या दोन्हीकडची कापसाची बोंडं उमलली, आणि शेतकऱ्यांनी त्या वर्षी वेचणी आठवडाभर आधी केली.

निजामाबादची गाडी थांबली. ड्रायव्हर, कंडक्टर, पॅसेंजर, सगळे खाली उतरून जेवायला बसले. गाडीत कोणीच नव्हतं, तर पंकज बसणार कुणाबरोबर? त्यानं पेटी खाली ठेवली, ती उघडून आत्याची लुगडी बाजूला केली, रिकाम्या पेटीवर पाण्याचे ग्लास मांडले, बाह्या वर सारल्या आणि ओरडायला लागला, "इकडं कोनाले भाकर पाह्यजे?" सोनाबाई एका हातानं थापत होती, एका हातानं उलटवत होती, आणि तिसऱ्या हातानं वाढत होती.

"तिसऱ्या?" पूनम म्हणाली.

"त्या गर्दीत मी मोजले नाहीत, पण दोन हातांचं काम ते नव्हतं."

टोपली रिकामी झाली. तळाचे तुकडे झाले. शेवटी सरदारजींनी ठेच्याचा खल पुसून खाल्ला आणि डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, की हे भक्तीचे अश्रू आहेत. गाडी निजामाबादला गेली. सोनाबाई गेली नाही. आजही ती फाट्यावर आहे, तुम्ही जाऊन खाऊन या. रोजचं पहिलं ताट अजूनही देवाच्या नावानंच असतं. पण आता लोक शिकले आहेत, कोणी भुकेला दिसला की सगळे मिळून त्याला खांदे धरून बसवतात.

तर अशी ती खानावळ वाचली. आणि कोणामुळं वाचली, हे मी आपल्या तोंडानं सांगायचं नसतं. एवढंच सांगतो, की त्या दिवशी माझ्या पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. उपाशी होतो मी, पार उपाशी. तरी मी माझी भूक म्हणून नाही, त्या बाईसाठी म्हणून बसलो. सोनाबाईच्या खानावळीचं पहिलं ताट खाणारा माणूस म्हणजे—

आत सुपाचा आवाज थांबला.

"खोटं!" बयनाबाई म्हणाली.

ती सूप घेऊनच दारात आली. "एवढा वेळ मी ऐकून राह्यली. लाईन चालली, चालू द्या. बाईले तिसरा हात फुटला, फुटू द्या. पन उपाशी? अवो, त्या दिवशी झुंजूमुंजू तुमी दुधाची बरनी घेऊन सोनाबाईकडं गेलते. वापस आले तवा तुमच्या मिशीले ठेचा लागला होता! म्या चहा देला तर म्हने पोटात जागा नाई, ती बिचारी पानी आनाले गेली तवा तव्यावरच्या दोन भाकरी खाऊन आलो. म्हंजे पह्यला पाव्हना तर सूर्य उगवाच्या आधीच जेवून ढेकर देऊन घरी आला होता! मंग त्या अमृतरावाले अन् नवरदेवाले मावल्यापर्यंत उन्हात कायले पळवलं वो तुमी?"